आमच्या साडूंचं गॅस्केट

गोंधळून जाणं हा लोकांना कमीपणा वाटतो. मला विचाराल तर ती सिद्धी आहे, आणि सबंध वऱ्हाडात ती एकाच माणसाला पुरती वश झाली होती. ते म्हणजे आमचे साडू. तुम्हीआम्ही गोंधळतो ते तेवढ्यापुरतं, आणि लगेच ओशाळतो. साडूंना ओशाळणं ठाऊक नव्हतं. धामणगावला एकदा ते कोणाच्या तरी समाचाराला गेले, म्हणजे दुःखाच्या भेटीला, आणि दोन दारं अलीकडच्याच घरात शिरले. त्या घरात कोणीही मेलेलं नव्हतं. पण साडू सतरंजीवर मान खाली घालून इतक्या मनापासून बसले, मधूनमधून इतके खोल उसासे टाकू लागले, की घरच्या म्हातारीला वाटलं आपलंच कोणीतरी गेलंय आणि घरचे आपल्यापासून लपवताहेत. तिनं हंबरडा फोडला. तो ऐकून शेजारपाजारचे धावले, आणि ज्या घरी खरोखर दुःख होतं तिथली माणसंसुद्धा आपलं दुःख बाजूला ठेवून इकडे धीर द्यायला आली. अशा रीतीनं साडूंची भेट अखेर योग्य माणसांशी झाली. घरी आल्यावर ते ताईंना म्हणाले, "लय माणसं जमली होती. मोठा माणूस गेला वाटते."

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्या नात्यानं हे माझे साडू. चांदूर रेल्वेहून बैलगाडीच्या वाटेनं गेलं की त्यांचं गाव लागे. चांगली काळी जमीन, दारात बैलजोड्या, घरात दूधदुभतं, आणि तरुणपणी नागपूरला जाऊन अर्धवट सोडलेली वकिली. गाव त्यांना भाऊसायब म्हणे, मीही भाऊसाहेब म्हणायचो, आणि मी अमरावतीच्या एका शाळेत भूगोल शिकवत असल्यामुळे ते मला मास्तर म्हणत. वकिली अर्धवट का राहिली याचं कारण त्यांनी मला एकदा मोकळेपणानं सांगितलं होतं. "मास्तर, वादीचं आयकलं का वादीचं खरं वाटे, अन् प्रतिवादीचं आयकलं का त्याचं. मंग मी कोनाचा वकील व्हाव?" ही अडचण त्यांना जन्मभर पुरली. समोरचा माणूस बोलत असेपर्यंत जगात तोच एक शहाणा, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असायची. "तुमचंबी खरंच हाये बाप्पा," हे वाक्य ते कोणालाही म्हणत, आणि मनापासून म्हणत. गावातले दोन भाऊ एका आंब्याच्या झाडावरून भांडत त्यांच्याकडे आले, तेव्हा दोघंही खुशीत परत गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही आंबे उतरवायला आपापल्या टोपल्या घेऊन एकाच झाडाखाली हजर झाले. थोड्या वेळानं तिथं साडूही टोपली घेऊन आले. त्या झाडावर खरा हक्क आपलाच आहे असं मधल्या काळात त्यांना कोणीतरी पटवून दिलं होतं.

ट्रॅक्टर आला तोही असाच. ताईंच्या शिवणयंत्राचं शटल बिघडलं होतं, ते दुरुस्त करून आणायला त्यांनी साडूंना अमरावतीला धाडलं. चांदूरहून अमरावतीला यायचं म्हणजे बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते. साडूंच्या डब्यात एक गृहस्थ ज्वारीवरच्या काणी नावाच्या रोगावर बोलत होते. त्यांचं बोलणं इतकं खरं होतं की बडनेरा आलं आणि गेलं, मूर्तिजापूर आलं आणि गेलं, आणि साडू उतरले ते अकोल्याला. आता अकोल्याला आलोच आहोत तर काहीतरी काम करूनच जावं म्हणून ते बाजारात निघाले. तिथं एका बंद पडलेल्या जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात जुन्या सामानाची विक्री चालू होती. चार दिवसांनी गावच्या लोकांनी पाहिलं तर वेशीतून धूर सोडत, दगडगोट्यांवर उड्या मारत एक विलायती ट्रॅक्टर येत होता, वर साडू, आणि त्यांच्या मागे तव्यांचा नांगर. ताई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मी मशीनचं शटल आणाले धाडलं होतं तुमाले. हा रेडा काहून आणला?"

"शटल राह्यलं," साडू म्हणाले. "पण हे भेटलं."

त्या वाक्यात त्यांना कसलीही विसंगती दिसत नव्हती. एक आणायला गेलो, दुसरं मिळालं. हात रिकामे आले नाहीत, हे महत्त्वाचं. ताई बराच वेळ त्या यंत्राकडे बघत राहिल्या आणि मग त्याला ओवाळायला आत जाऊन आरती घेऊन आल्या. ताईंचंही मला कधी पुरतं कळलं नाही.

आता या ट्रॅक्टरवर एका माणसाची आशा लागली होती. त्याचं नाव चंद्रभान. रेल्वेच्या गँगमध्ये कामाला होता. धर्मांतराला दोनतीन वर्षं झाली होती, आणि त्याच्या घरात भिंतीवर नवी तसबीर आणि बोलण्यात नवी सरळ मान आली होती. त्याला आणि त्याच्या बायकोला गावाबाहेरचा सरकारी पडीक जमिनीचा एक तुकडा मिळाला होता. तुकडा कसला, कुंद्याचं रान होतं. कुंदा म्हणजे ज्याची मुळं काळ्या मातीत पुरुषभर खाली जातात असं गवत. बैलांचा नांगर त्याच्यावरून नुसता घसरतो. ते मोडायचं तर उन्हाळ्यात खोल नांगरून मुळं वर काढायची आणि उन्हात वाळवायची. यंदा जमीन वहितीत आली नाही तर परत जाईल, असं तलाठी बोलून गेला होता. साडूंनी चंद्रभानला शब्द दिला होता की मृगाच्या आधी तुझं रान मी नांगरून देतो.

चंद्रभान आणि साडू एका शाळेत होते. त्या काळी चंद्रभानला वर्गात बसू देत नसत. तो बाहेर व्हरांड्यात बसून धडे ऐके. ताईंच्या सासूबाईंनी मला सांगितलं होतं की साडूही लहानपणी कितीदा तरी चुकून बाहेरच बसत. शाळेतले मास्तर हात धरून आत नेत, आणि दुसऱ्या दिवशी पोरगा पुन्हा व्हरांड्यात, चंद्रभानच्या शेजारी. आत बसायचं हे त्याच्या लक्षातच राहत नाही म्हणून घरच्यांनी काळजी केली होती, अंगारेही लावले होते. हा गोंधळ होता की काय होतं, मला अजून कळलेलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा साडू म्हणाले, "बाहेर वारा बरा येत जाये."

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नवराबायको ताईंकडे गेलो, तेव्हा ट्रॅक्टर अंगणात कडुनिंबाखाली उभा होता आणि त्याच्याभोवती पंचायत बसली होती. साडू नांगरायला निघाले आणि वाटेतच इंजिनाच्या रेडिएटरमधून भाताच्या पातेल्यासारखा खळखळाट सुरू झाला, धुराच्या नळकांड्यातून पांढरी वाफ आली, आणि खालचं ऑइल काढून पाहिलं तर ते ताकासारखं झालेलं. निदानाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं, आणि त्या अंगणात मी पाहिलेलं ते शेवटचं एकमत. हेडाखालचं गॅस्केट उडालं होतं.

भूगोलाच्या मास्तराला गॅस्केट काय माहीत? मला समजलं ते असं. इंजिनाचं धड वेगळं असतं आणि डोकं वेगळं; डोकं धडावर ठेवून नटांनी आवळतात, आणि दोघांच्या मधे तांब्याच्या पत्र्याची, आत अॅस्बेस्टॉस भरलेली एक पातळ पोळी घालतात. त्या पोळीला मोठी भोकं असतात ती आगीसाठी आणि बारीक असतात ती पाण्यासाठी. आगीनं आगीच्या जागी राहावं, पाण्यानं पाण्याच्या, ऑइलनं ऑइलच्या, एवढं त्या पोळीनं बघायचं. ती कुठं फाटली की सगळे एकमेकांच्या घरात घुसतात. मला हे समजल्याचा आनंद झाला होता, पण तो फार टिकला नाही, कारण पुढचा प्रश्न असा होता की नवी पोळी बसवताना तिला काय लावायचं. या प्रश्नावर अंगणात तीन जाणते होते.

पहिले रहीमभाई, चांदूरच्या एका जिनातले फिटर. ते आपल्याबरोबर सफेद्याचा, म्हणजे सांधे बुजवायच्या पांढऱ्या लुकणाचा, डबा घेऊनच आले होते. "भाऊसाब, सफेदा लगाओ, मोटा मोटा," ते म्हणाले. "फिर पानी का बाप भी बाहर नहीं आयेगा." दुसरे रेल्वेतले पेन्शनर ड्रायव्हर, ज्यांना लेंग्याच्या वरही पट्ट्यांचा निळा कोट घालायची सवय होती. ते सफेद्याच्या डब्याकडे बघून हसले. "माहा उभा जलम इंजिनावर गेला. कोरडं बसवा. लोखंडाले लोखंड भेटलं पाह्यजे. मधात हे लोनी काहून चोपडता?" तिसरे गावचे सोनार. इंजिनाशी त्यांचा संबंध नव्हता, पण पोळी तांब्याची होती आणि तांबं हा आपला विषय आहे असं त्यांचं म्हणणं. "आधी लाल करा, पान्यात बुडवा, मऊ होते. मंग लाखेचा हात द्या. दागिन्यात आमी लाख भरतो, नातवाच्या लग्नापरेंत हालत नाई."

साडूंनी तिघांचंही ऐकलं. प्रत्येकाचं ऐकताना त्यांचा चेहरा असा उजळत होता जणू इतके दिवस ते याच माणसाची वाट बघत होते. शेवटी ते माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमाले काय वाटते?"

मला काहीच वाटत नव्हतं. पण शिकलेल्या माणसानं गप्प बसणं बरं दिसत नाही म्हणून मी म्हटलं की पुस्तकात पाहावं. पुस्तक होतं, ट्रॅक्टरच्या पेटीत सापडलेलं. त्यात गव्हाच्या मळणीयंत्राची चित्रं होती, आणि मजकूर आमच्यापैकी कोणाच्याही ओळखीच्या भाषेत नव्हता. साडूंनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "हेबी खरंच असन."

पहिल्यांदा सफेदा झाला, कारण रहीमभाईंना जिनात परत जायचं होतं. त्यांनी तो इतका मायेनं थापला की ताईंना आपल्या देवघराचा ओटा सारवल्याची आठवण झाली. हेड बसलं, नट आवळले, हँडल मारलं, इंजिन सुरू झालं, टाळ्या पडल्या, आणि थोड्याच वेळात रेडिएटर उकळायला लागला. उघडून बघितलं तर जास्तीचा सफेदा पाण्याच्या भोकात जाऊन बसला होता. ड्रायव्हरसाहेबांनी कोटाची बटणं लावली. दुसऱ्यांदा त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कोरडं. सगळं घासूनपुसून चकचकीत केलं, आणि या वेळी हेडाच्या कडेनं बारीक पिचकारी उडून ड्रायव्हरसाहेबांच्याच कोटावर गेली. जुन्या हेडाला खड्डे पडलेले होते, ते कोरड्यानं भरणार कसे, असं सोनार हळूच म्हणाले, आणि लाखेची कांडी काढून बसले.

इथं साडूंनी जे केलं ते दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. एकाचं करावं तर दुसरा दुखावतो, आणि तिघंही चहापाणी सोडून आपल्यासाठी राबताहेत. तेव्हा त्यांनी गॅस्केटचे तीन वाटे केले. पुढच्या बाजूला सफेदा, मागच्या बाजूला लाख, आणि मधला भाग कोरडा. "समद्यायचा मान राह्यला पाह्यजे," ते मला म्हणाले. तिघंही खूश झाले. तिघांनीही एकेक पाना उचलला आणि आपापल्या वाट्याचे नट आवळायला सुरुवात केली: रहीमभाई पुढून, सोनार मागून, आणि ड्रायव्हरसाहेब जिथं जागा मिळेल तिथून. मी हँडल मारलं. इंजिन दोन वेळा खोकलं, आणि मग असा आवाज झाला की कडुनिंबावरचे सगळे कावळे एकदम उडाले. पाणी एकीकडून, वाफ दुसरीकडून, आणि कुठूनतरी काळं ऑइल येऊन ताईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पडलं. त्या दिवशी ताई कोणाशीही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं त्या स्फोटापेक्षा लांबवर ऐकू जात होतं.

संध्याकाळच्या सुमारास चंद्रभान आला. तो अंगणात उभा राहिला, उघड्या पडलेल्या इंजिनाकडे त्यानं पाहिलं, आणि टोपी काढून हातात धरली.

"भाऊसायब, राहू द्या आता," तो म्हणाला. "तुमी लय केलं. आमी दोघं कुदयीनं खोदून राह्यलो. होईन तेवढं होईन."

"कुदयीनं कुंदा निंगते काय रे?" साडू म्हणाले.

"नाई निंगत. पण बसून बी राहवत नाई."

त्याच्या मागे त्याची बायको उभी होती. ताईंनी तिला पाणी दिलं तेव्हा तिला तांब्या धरता येईना. हातांना फोड येऊन ते फुटले होते आणि तिनं त्यांच्यावर लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. ताईंनी तिला आत नेलं.  "तुझंबी खरंच हाये" असं साडू म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो, पण ते म्हणाले नाहीत. चंद्रभान गेल्यावर त्यांनी ते फाटलेलं गॅस्केट उचललं आणि ओसरीवर जाऊन ते मांडीवर घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हाही ते तिथंच होते आणि गॅस्केट मांडीवरच होतं. मला जवळ बसवून त्यांनी ते उन्हात धरलं. "पाहा मास्तर. येथी दाबून दाबून कागदावानी झालं. अन् येथी दाबच नाई, मोकयं. म्हनून येथून जळालं." त्यांचं बोट बरोबर त्या काळ्या डागावर होतं. "काय लावलं त्याचा दोस नाई हा. तिघं तीन बाजूनं कसून राह्यले ना, तं हेड तिरपं बसलं." मी चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिलो. साडूंच्या तोंडून इतकं सरळ, एका दिशेला जाणारं वाक्य मी पूर्वी ऐकलेलं नव्हतं, आणि माझ्या मनात आलं की यांना बरं नाही की काय.

ट्रॅक्टरबरोबर अकोल्याहून आलेल्या सुट्या गॅस्केटांपैकी आता एकच उरलं होतं. ते गेलं तर दुसरं मिळेपर्यंत पाऊस आला असता. दुपारी तिन्ही जाणते पुन्हा जमले. रहीमभाईंनी या वेळी सफेदा पातळ करून आणला होता. ड्रायव्हरसाहेब म्हणत होते की कोरडंच, पण जास्त आवळून. सोनारांनी शेगडी पेटवली होती. तिघंही एकदम बोलू लागले, आणि साडू एकेकाकडे बघत, मान हलवत उभे होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आणि मग त्या माणसानं जे केलं ते करताना त्याला किती त्रास झाला हे मी शेजारी उभा राहून पाहिलं. 

"नाई," ते म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही. "काय नाई?" सोनारांनी विचारलं.

"तुमचंबी नाई, यायचंबी नाई, अन् रहीमभाई, तुमचंबी नाई. आता सारे घरी जा. हात जोडतो तुमाले. पण जा."

 तिघं एकमेकांकडे बघू लागले. त्यांना राग आला नव्हता. त्यांना काय वाटावं हेच ठरत नव्हतं. गावातला दरवाजा सदोदित उघडा असावा आणि एके दिवशी अंधारात त्याच्यावर कपाळ आपटावं, तसं त्यांचं झालं. शेवटी रहीमभाईंनी डबा तिथंच ठेवला, सोनारांनी लाख तिथंच ठेवली, ड्रायव्हरसाहेबांनी ठेवण्यासारखं काही नव्हतं म्हणून जुनी रेल्वेची जाड फडकी ठेवली, आणि ते गेले. साडू फाटकाकडे बघत राहिले. "लय वाईट बोललो ना मी, मास्तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, बरोबर बोललात. ते म्हणाले, "तसं नोका म्हनू. नाई तं मले तेबी पटन."

मग ते कामाला लागले. मी फक्त सामान देत होतो. हेडाचा खालचा भाग त्यांनी वाळूच्या कागदानं घासला, लाकडाची सरळ पट्टी आडवी-उभी धरून उजेड कुठून येतो ते बघितलं, पुन्हा घासला. पाण्याच्या भोकांमध्ये काडी घालून ती मोकळी केली. मी रॉकेल आणायला घरात गेलो आणि परत आलो तेवढ्यात पोळी बसली होती, हेड वर चढलं होतं. त्यांनी मधल्या नटापासून सुरुवात केली. थोडासा आवळला, मग त्याच्या समोरचा, मग अलीकडचा, मग पलीकडचा, असं करत कडेपर्यंत. आणि पुन्हा मधून, आणखी थोडं. जोर कुठंही नाही. सगळे नट सारखे बसेपर्यंत ते फेऱ्या घालत राहिले. ताई दारात येऊन उभ्या होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी येऊन पदरानं त्यांचा घाम पुसला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

इंजिन सुरू झालं. आम्ही रेडिएटरचं तोंड उघडं ठेवून आत बघत बसलो. पाणी हलत होतं, पण बुडबुडा नव्हता. इंजिन चांगलं तापल्यावर त्यांनी ते बंद केलं, पुन्हा एकदा सगळे नट चाचपले, थोडे थोडे घेतले. पुन्हा सुरू केलं. बुडबुडा नाही. ताई आत गेल्या आणि मला वाटलं त्या आरती आणायला गेल्या. पण त्या देवघरासमोर बसून रडत होत्या, हे माझ्या बायकोनं मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाट फटफटल्याबरोबर साडू चंद्रभानच्या रानात होते. अर्धं गाव तिथं लोटलं. तवे जमिनीत घुसले आणि काळ्या मातीची ढेकळांवर ढेकळं उलटू लागली. प्रत्येक ढेकळातून कुंद्याची पांढरी मुळं दोरखंडासारखी लोंबत होती. चंद्रभान ट्रॅक्टरच्या मागे मागे अनवाणी चालत होता, मुळं उचलून बांधावर फेकत होता आणि मधेच थांबून नुसता उभा राहत होता. त्याची बायको चिंध्या बांधलेल्या हातांनी मातीचा गोळा उचलून वास घेत होती. सगळं रान संपलं तेव्हा साडू थांबतील असं आम्हाला वाटलं. पण साडू आता स्वस्थ झाले होते, म्हणजे पुन्हा साडू झाले होते. त्यांनी ट्रॅक्टर सरळ पुढं धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, नेला आणि शेजारच्या पाटलांच्या शेतात नांगरायला सुरुवात केली.

या पाटलांना चंद्रभानला जमीन मिळाल्याचं पहिल्यापासून खुपत होतं, आणि धुरा मोडला म्हणजे त्यांना भांडायला हवं ते कारण मिळालं. ते काठी आपटत, ओरडत आले. पण जवळ येऊन बघतात तर आपल्या पडीत शेतातला कुंदाही असाच उपटून वर आलेला. ते काठी उगारलेलीच ठेवून उभे राहिले. भांडावं, तर कशासाठी? आभार मानावे, तर कोणाचे, आणि तेही चंद्रभानच्या देखत? साडू वरून हात हलवून म्हणाले, "पाटील, तुमचंबी होऊन जाईन, फिकर नोका करू."  पाटलांनी काठी खाली टेकली, आणि काही न सुचून शेवटी चंद्रभानकडे प्यायला पाणी मागितलं. चंद्रभाननं आपल्या मडक्यातून तांब्या भरून दिला. पाटलांच्या हातात तो तांब्या आला तेव्हा बघणाऱ्या सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, आणि मला वाटतं त्यानंतरच आपण काय मागितलं हे पाटलांच्या लक्षात आलं. त्यांनी एकदा तांब्याकडे पाहिलं, एकदा लोकांकडे. ऊन फार होतं. ते प्याले.

गॅस्केटला साडूंनी नेमकं काय लावलं होतं, हे कोणालाच कळलं नाही. रहीमभाई सांगत की त्यांच्या डब्यातला सफेदा कमी झाला होता. सोनार लाखेची अर्धी कांडी दाखवत. ड्रायव्हरसाहेब म्हणत, काहीही लावलं नव्हतं, म्हणून तर टिकलं. मी रॉकेल आणायला गेलो होतो, म्हणून माझ्या साक्षीला किंमत नव्हती. आणि साडूंना विचारलं तर ते खरोखर आठवण्याचा प्रयत्न करीत, डोळे मिटत, आणि जो विचारील त्याच्याकडे बघून म्हणत, "तुमाच्यानंच झालं बाप्पा." त्या तिघांशी ते एकदा कठोर बोलले होते, त्याची भरपाई ते वर्षानुवर्षं करत राहिले.

ट्रॅक्टर आणखी काही हंगाम चालला. मग त्याचे भाग मिळेनासे झाले आणि तो गेला. चंद्रभानच्या रानात कापसाची पऱ्हाटी उभी राहू लागली. आम्हीही म्हातारपणाकडे झुकलो. माझी बदली अकोल्याला झाली, आणि ताईंकडे जाणं कमी कमी होत गेलं. मधे खूप दिवसांनी मी एकटाच गेलो. साडू ओसरीवर बसले होते, अंगानं उतरलेले, पण कपडे नीटनेटके, बटणं लागलेली. त्यांनी माझी, माझ्या मुलांची, घरच्या सगळ्यांची नावं घेऊन चौकशी केली. एकही चुकलं नाही. मी कुठल्या गाडीनं आलो आणि परत कुठल्या गाडीनं जायला सोयीचं, तेही त्यांनी बिनचूक सांगितलं. मला बरं वाटलं. मी आत जाऊन ताईंना म्हटलं, "भाऊसाहेब छान आहेत की आता."

ताई चुलीसमोर होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"गेल्या सालपासून असेच हायेत," त्या म्हणाल्या. "काई इसरत नाईत. बाजाराले धाडलं का सांगतलं तेच आनतात, अन् सिद्दे घरी येतात. कोनी बोलत बसलं, तं आयकतात अन् मंग उठून जातात." फुंकणीनं त्यांनी जाळ सारखा केला. "मले भेव वाटते, भाऊजी."

 मी तिथंच पाटावर बसून राहिलो. चहा उतू येत होता, आणि बाहेरून साडूंचा आवाज आला, स्वच्छ, सावकाश: "अवो, मास्तरच्या चहात साखर टाकू नोका. डाक्टरनं मना केली हाये त्यायले."

हे मी त्यांना कधीतरी एकदा सहज सांगितलं होतं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली, आणि त्यांनी साखरेच्या डब्याचं झाकण पुन्हा लावून टाकलं.